तीन मिनिटांत सासूबाईंचं रक्त

"आई, तुम्ही कूस बदलायच्या आत रिपोर्ट देतो!" सासूबाईंचं रक्त काढता काढता सुबोधने छातीठोकपणे सांगितलं.

"खुबा मोडलाय माझा. कूस कशी बदलू?" इंदुमतीबाई कळवळल्या.

ऑपरेशन आजच व्हायला हवं होतं. डॉक्टर आशुतोष रात्री झाशीहून ग्वाल्हेरला निघाले की थेट सोमवारी परतणार. तोवर बाईंनी विव्हळत पडायचं! अडलं होतं ते फक्त रक्त नीट गोठतं की नाही, या तपासणीवर. आणि ती लॅबवाल्या जावयाच्या हातात!

लग्न झाल्यापासून सासूबाई त्याला ढिम्म म्हणत. आज दाखवायचंच! रक्त गरागरा फिरवून त्यातलं पिवळं पाणी वर काढायला जुनं यंत्र पाव तास खायचं. हॉस्पिटलात आलेलं नवं यंत्र तीन मिनिटांत मोकळं! तोल राहावा म्हणून समोर तेवढ्याच वजनाची साध्या पाण्याची नळी ठेवायची, बस. दोन्ही नळ्यांना निळीच टोपणं. यंत्र थांबताच सुबोधने एक उचलली आणि तपासणीला लावली. नजर घड्याळावर!

रिपोर्ट आला: रक्त गोठतच नाही!

डॉक्टर उडालेच. "ऑपरेशन कैंसिल! ब्लड बैंक को फ़ोन लगाइए!"

सुबोधच्या बायकोने, शलाकाने, भोकाड पसरलं आणि तशीच बबीना छावणीत राहणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. मैत्रिणीचा नवरा फौजेत. बघता बघता जिन्यात बाह्या सरसावलेले जवान हजर! "भाभीजी, किसको देना है ख़ून?"

इकडे सासूबाईंनी निरवानिरव सुरू केली. "पाटल्या शलाकाला. जावईबापूंना काही नको."

"आई, असं काय बोलता!"

"मग काय बोलू? आधी हा कापसाचा बोळा काढा. मघाच कोरडा झालाय, नुसता खुपतोय!"

सुबोधने बोळा काढला. सुई टोचलेल्या जागी रक्ताचा टिपूस नव्हता! न गोठणारं रक्त थांबलं कसं? तो धावतच लॅबमध्ये गेला. यंत्रात सासूबाईंची नळी आरामात बसली होती. खाली लाल, वर पिवळी. त्याने तपासलं होतं ते पाणी!

नळी तर तयारच होती. खरा रिपोर्ट झटक्यात आला, अगदी उत्तम! सुबोधने डॉक्टरांना खरं काय ते सांगून टाकलं, कान धरले आणि ऑपरेशन दुपारीच झकास पार पडलं.

संध्याकाळी सासूबाई साऱ्या वॉर्डला ऐकवत होत्या, "एका सकाळी दोन-दोन रिपोर्ट! जावई आहे की वीज!" सुबोधला आकाश ठेंगणं झालं.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. "वाह सुबोधजी! पानी की रिपोर्ट इतनी जल्दी पूरे झाँसी में किसी ने नहीं दी!"

"कसलं पाणी?" सासूबाईंनी विचारलं.

सुबोधला एकाएकी आठवलं, जिन्यातल्या जवानांना चहा पाजायचा राहिलाच होता! तो तडक दाराबाहेर पळाला.