बारा कोसांचा किनारा

एका जंगलात समुद्र नव्हता.

यात लाजण्यासारखं काही नाही, मुलांनो. समुद्र तुमच्या घरातही नाही. हे जंगल आफ्रिकेच्या बरोबर पोटात होतं आणि चारही बाजूंना दुसऱ्यांची जंगलं होती. कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र दिसायला दोन महिने लागायचे. उत्तरेला वाळवंट, दक्षिणेला गवत आणि मधोमध एक मोठं गोड्या पाण्याचं तळं. त्या तळ्यावर सगळ्यांचं चालायचं.

जंगलात बारा जमाती होत्या आणि बारा भाषा. हत्तींचं बोलणं तरसांना कळायचं नाही. तरसांचं कुणालाच कळायचं नाही. पण पाणी प्यायला सगळे त्याच तळ्यावर यायचे. तिथे झेनाबा नावाची पाणघोडी राहायची. आधी कुणी प्यायचं, मागून कुणी, आणि पिताना कुणी कुणावर गुरगुरायचं नाही, हे ती ठरवायची. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. तळ्याबाहेर उन्हात फार वेळ राहिलं की पाणघोडीची कातडी तडकते, म्हणून ती कायम तिथेच असायची, आणि भांडणं तिला आवडायची नाहीत.

राज्य होतं बुकारी महाराजांचं. ते हत्ती होते. मन फार मोठं. इतकं मोठं की त्यात टाकलेली लहानसहान गोष्ट पुन्हा सापडायची नाही.

त्यांची सभा गोरखचिंचेच्या झाडाखाली भरायची. वाळवंटातून उंटांचा तांडा मिठाच्या लाद्या आणायचा आणि बदल्यात बाजरी, भुईमूग घेऊन जायचा. घरोघरी एकेक लादी असायची आणि एक सभेच्या झाडाला टेकवून ठेवलेली असायची. ज्याला बोलायचं असेल त्याने आधी ती चाटायची. जिभेवर चव आहे तोवर बोलायचं, चव गेली की खाली बसायचं. त्यामुळे सभा वेळेवर संपायच्या. तुमच्याकडे अशी पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे.

एके दिवशी तिथे एक कुरव आला. कुरव म्हणजे समुद्रावरचा पांढरा पक्षी. जगातल्या सगळ्या जंगलांची माहिती गोळा करणारं एक मंडळ होतं, त्याचा तो अधिकारी होता. चोचीत एक फॉर्म होता. भूगोल, लोक, सरकार, अर्थव्यवस्था, असे त्याचे चार भाग होते.

महाराजांच्या शेजारी त्यांचे सचिव उभे राहिले. सालिफू नावाचे मराबू करकोचे. डोक्यावर पीस नाही, गळ्याखाली पिशवी लोंबते आहे आणि चालणं असं, की मागून फाइल येत असावी.

"भूगोल," कुरव म्हणाला. "डोंगर?"

"दोन," सालिफू म्हणाले.

"वाळवंट?"

"हवं तेवढं."

"किनारा?"

"कशाचा?"

"समुद्राचा. लांबी कोसांत सांगा."

महाराजांनी हळूच विचारलं, "पश्चिमेकडच्या जंगलाने किती लिहिलाय?"

"नव्वद कोस."

पश्चिमेकडचा राजा महाराजांचा चुलतभाऊ होता. महाराजांचे कान हलायचे थांबले.

"साहेब, तुम्ही सहा महिन्यांनी या," महाराज म्हणाले. "रकाना भरून ठेवतो."

कुरव फॉर्म घेऊन निघाला, तेव्हा सालिफू त्याच्या मागोमाग गेले. त्यांनी विचारलं, "समुद्र म्हणजे नक्की काय असतं, साहेब? कामासाठी हवंय."

कुरवाला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो विचार करून म्हणाला, "पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात. पाणी खारट असतं. मासेही असतात."

"मासे आहेत आमच्याकडे," सालिफू म्हणाले. म्हणजे बरंच काम झालेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, की आजपासून तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. बाकीच्यांना हे जमलं. जिराफांना तो दिसतच राहिला, तेव्हा त्यांना तळ्यावर बसून यायला सांगितलं. पलीकडच्या काठावर रानडुकरं राहत होती. ती म्हणाली, आमचं काय? त्यांना कळवलं की तुम्ही दिसत नसल्यामुळे तुमचा अर्ज घेता येत नाही.

मग लाटा. चाळीस रानरेडे पाण्यात उभे केले. त्यांनी आळीपाळीने बसायचं आणि उठायचं. सकाळची पाळी वेगळी, दुपारची वेगळी. लाटा बऱ्यापैकी येऊ लागल्या. समुद्र म्हटला की आरमार हवं, म्हणून एका कासवाला आरमारप्रमुख केलं, कारण चिलखत त्याच्याकडे आधीपासून होतं.

राहिलं मीठ.

हुकूम निघाला, की प्रत्येकाने घरातली लादी तळ्यात टाकावी. उंटांचा नवा तांडा नुकताच आला होता. तोही थेट तळ्यावर वळवला. तांड्याचा म्होरक्या हारून म्हणाला, "सचिवसाहेब, चाळीस दिवस पाठीवर वाहून आणलंय हे. अन् ते पाण्यात टाकायचं?"

"समुद्रात," सालिफूंनी दुरुस्ती केली.

शेवटी झाडाखालची लादीही गेली. ती महाराजांनी स्वतःच्या सोंडेने टाकली. सगळ्यांनी पाय आपटून आनंद दाखवला. तरसांनीही काहीतरी म्हटलं.

मुलांनो, त्यानंतरची सभा मी कधी विसरणार नाही. चाटायला लादी नव्हती, त्यामुळे कुणालाच बोलता येईना. सालिफूंनी सचिव म्हणून अकरा ठराव वाचले. वाचणं म्हणजे बोलणं नव्हे, असा बारावा ठराव त्यांनी सुरुवातीलाच वाचला होता. सगळे एकमताने मंजूर झाले. इतकी शिस्तीची सभा त्या जंगलाने पाहिली नव्हती. महाराजांचा ऊर भरून आला.

तेवढ्यात झेनाबा आली. तिचे डोळे लाल झाले होते आणि अंगावर पांढरे डाग वाळले होते. तिने झाडाकडे पाहिलं. लादी नाही. मग तिने मान वळवून स्वतःचा खांदा चाटला आणि बोलायला लागली.

"महाराज, हरणं येतात, पाण्याला तोंड लावतात नि मागं फिरतात. तोंडानं काही म्हणत नाहीत, पण माझ्याकडं बघतात. मी काय सांगू त्यांना? माझे डोळे चुरचुरतात ते जाऊ द्या. पण तळं एकच आहे हो आपलं."

"झेनाबाताई," महाराज खरोखरच मायेने म्हणाले, "किनारा मिळवायचा तर थोडं सोसावं लागतं. चुलतभावाकडचे लोक काय समुद्राचं पाणी पितात?"

"नाही पीत. त्यांच्याकडं नद्या आहेत."

महाराजांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी सालिफूंकडे पाहिलं.

"चव गेली असेल," सालिफू झेनाबाला म्हणाले. "बसा आता."

झेनाबाने दुसरा खांदा चाटला. तेव्हा सालिफूंनी तेरावा ठराव वाचला, की सभेत स्वतःला चाटून बोलण्यास मनाई आहे. तोही एकमताने मंजूर झाला. सगळे खाली बघत होते. त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी त्या दिवशी पाणी प्यायलं नव्हतं, आणि तरीही एकानेही मान वर केली नाही. याचा मला अजून राग येतो.

मग जे व्हायचं ते झालं. मासे उलटे तरंगायला लागले. रानरेडे लाटा करून करून थकले आणि तहानेने बसले ते उठेचनात, त्यामुळे समुद्र बराच शांत झाला. आरमारप्रमुख पाण्यात उतरत नव्हते, कारण झोंबायचं. पाणी आता पश्चिमेकडून यायचं. आठ दिवसांतून एकदा, हारूनच्या उंटांवर, पखालींतून. ज्या पाठींवरून मीठ यायचं त्याच पाठींवरून पाणी येऊ लागलं. बदल्यात सगळी बाजरी आणि सगळा भुईमूग जायचा. सालिफू म्हणाले, की व्यापार वाढला.

झेनाबा तळ्यातच राहिली. दुसरं जाणार कुठे? पाण्यात राहिलं की अंग जळायचं, बाहेर आलं की तडकायचं. पाणी प्यायला कुणी येईना, म्हणून रांग लावायचंही काम उरलं नाही. माणसाला काय, पाणघोडीला काय, घरातच राहून घर गेल्याचं दुःख फार वाईट असतं.

सहा महिन्यांनी कुरव आला. थेट तळ्यावर गेला, चोच बुडवली आणि म्हणाला, "खारट आहे."

"आणि पलीकडचा काठ?" सालिफूंनी अदबीने विचारलं.

कुरवाला तो चांगला दिसत होता. तिथे रानडुकरं हात हलवत होती. पण लांबचा प्रवास झाला होता आणि अजून सात जंगलं बाकी होती. त्याने रकान्यात लिहिलं, 'बारा कोस'. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी जंगलात तेवढंच काय ते आलं होतं.

"आता पुढचा रकाना," कुरव म्हणाला. "गोड्या पाण्याचे साठे."

सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं.

"हे तुम्ही मागच्या वेळी विचारलं नाहीत," महाराज म्हणाले.

"मागच्या वेळी आपण किनाऱ्यावरच थांबलो होतो."

"हा रकाना रिकामा ठेवला तर?"

"तर काय? आडवी रेघ मारायची," कुरव म्हणाला. "किनाऱ्याच्या रकान्यातही कितीतरी जंगलांनी रेघच मारलीय. काही बिघडत नाही." आणि त्याने रेघ मारली.

महाराज त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी तळ्याकडे पाहिलं. पाण्यात कुणी नव्हतं.

"झेनाबाताई कुठायत?"

हारून मागे उभा होता. तो म्हणाला, "पहाटेच निघाली, पश्चिमेला. मला वाटेत भेटली. माझ्याकडं दोन पखाली उरल्या होत्या, त्या ओतल्या तिच्या अंगावर. सीमेच्या अलीकडं बाभळीखाली बसलीय. उठवत नाही तिला."

महाराज ताडकन उभे राहिले. कधी नव्हे ते त्यांना लहान गोष्ट सापडली होती.

"पळा," ते म्हणाले. "पाणी घेऊन जा तिच्याकडे."

"कुठलं?" सालिफूंनी विचारलं.

तात्पर्य : मुलांनो, आहे त्यात कधी समाधान मानू नका. समाधान मानणाऱ्याची फक्त तहान भागते. त्याचा रकाना रिकामाच राहतो.