कुसाबाईची दोरी

धम्मपाल चहात बिस्कीट बुडवणार, तेवढ्यात इंदिरानगरातल्या त्याच्या दारावर काठी आपटली. दारात कुसाबाई. मागे गळ्यात ढोलकी अडकवलेला तिचा नवरा गोटीराम.

"माझी दोरी कुठाय?" कुसाबाईने विचारलं.

प्रश्न रास्त होता. मागच्या रविवारी गंगाघाटावर ती दोरीवरून चालताना धम्मपालने फोटो काढला होता. घरी येऊन त्याने आभाळ जांभळं केलं, घाटावर धुकं सोडलं, मागची वडापावची गाडी पुसली. मग त्याला दोरी खुपू लागली. तीही पुसली. टेकूचे बांबूही गेले. उरली हवेत चालणारी कुसाबाई. तोच फोटो त्याने नेटवर टाकला. त्याचा फोटो बायकोखेरीज इतरांनीही पाहावा, असं प्रथमच घडलं.

"मावशी, ती कला आहे. दोरी आपण मनात समजून घ्यायची."

"परकर घालत व्हते तवापासून त्या दोरीवर चालते मी! तुम्ही एका बोटानं काढली? काढायचीच व्हती तर यांची ढोलकी काढायची. लय बेसूर हाय."

"ए!" गोटीराम म्हणाला.

"आता लोक खेळ बघत नाय. नारळ आणतात. काल वणीचा एक जण म्हणला, 'मावशी, फोटोत दोरी नव्हती, आता कशाला? आम्हाला फसवता?' आधी माझ्या पाया पडला, मग कोयता काढला. दोरी कापायला!"

धम्मपालने घाईघाईने मूळ फोटो टाकला. लगेच उत्तरं आली. 'दोरी नंतर चिकटवलीय, काम कच्चं आहे.' 'देवीची बदनामी थांबवा.' धम्मपाल भडकला. आयुष्यात एकदा खरा फोटो टाकला, तर ही किंमत!

"चला घाटावर," कुसाबाई म्हणाली. "तोंडानं सांगा."

घाटावर गर्दी होती. वणीवाला कोयत्यासह पुढेच बसला होता.

"दोरी मी पुसली होती!" धम्मपाल ओरडला.

"तू कोण?"

"फोटोग्राफर."

"मग तुझं खरं कसं मानायचं?" वणीवाल्याने विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

कुसाबाईने तोलाची काठी धम्मपालच्या हातात दिली. "चढा."

"मी?"

"दोरी खरी हाय का, अन् अवघड हाय का, दोन्ही एकदम कळंल यांना."

गर्दीने त्याला वर चढवलं. पहिलं पाऊल दोरीवर पडलं. दुसरं कुठेच पडलं नाही. खाली गोटीराम मन लावून ढोलकी वाजवत होता. धम्मपाल नेमका तिच्यावर आला. फटकन आवाज झाला आणि ढोलकी कायमची गप्प झाली. कुसाबाईने आभाळाकडे बघून हात जोडले.

वणीवाल्याने उठून दोरी दाबून पाहिली, खाली पडलेल्या धम्मपालकडे पाहिलं, कोयता पिशवीत ठेवला आणि मांडी घालून बसला. मग कुसाबाई चालली. ती पलीकडे पोचली तेव्हा टाळ्या थांबेनात. सर्वात मोठ्याने वणीवाला वाजवत होता.

सोमवारी लंगडत धम्मपाल ऑफिसात शिरला, तर सगळे मोबाइलवर खिदळत होते. शेजारच्या टेबलावरच्या संघर्षने फोन पुढे केला. काल गर्दीत तोही होता. जांभळं आभाळ. हलकं धुकं. हवेत हातपाय फेकून आ वासलेला धम्मपाल. आजूबाजूला काही नाही. खाली ओळ होती : 'साहेबांनी रजा नाकारली तो क्षण.'

"कसलं भारी आलंय ना?" संघर्ष म्हणाला. "नको ते सगळं पुसून टाकलं."

धम्मपालची कानशिलं तापली. त्याने टेबलावर मूठ आपटली.

"माझी दोरी कुठाय?"