मुद्देमाल ओला, मुद्देमाल सुका

सरकारी वकिलीतून निवृत्त झाल्यापासून मोतीराम आहेरांकडे मतं भरपूर होती आणि ऐकायला न्यायाधीश एकही नव्हता. राजकारण, कायदा, संस्कृती, कुठल्याही विषयावर ते सकाळच्या चहाआधीच तयार असत. समोर पत्नी छायाताई असत, पण लग्नापासून त्यांनी "हं" एवढाच जबाब दिला होता आणि तो उलटतपासणीतही कधी बदलला नव्हता.

शेवटी आहेर मतं फोनवर रेकॉर्ड करू लागले. नातीने, सृष्टीने, वाढदिवसाला दिलेल्या छोट्या स्पीकरवर ते ती लावत, दाढी करता करता ऐकत आणि आरशात बघून पसंतीची मान डोलवत. डोलवताना दोनदा हनुवटी कापली होती, पण मत मागे घेतलं नव्हतं.

यंदा त्यांना एकच गोष्ट हवी होती: भरलेलं सभागृह. इंदिरानगरातल्या त्यांच्या कॉलनीत ज्येष्ठ नागरिक मंडळाचं वार्षिक व्याख्यान रविवारी होतं आणि वक्ते आहेरच होते. गेल्या वर्षी श्रोते दोन होते. एक झोपलेला, दुसरा खुर्च्या परत न्यायला आलेला मंडपवाला. मंडळाच्या सेक्रेटरी उज्वला मॅडम यंदा स्पष्टच बोलल्या होत्या.

"साहेब, आता खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर पुढच्या वर्षीपासून हास्ययोग. लोक निदान हसायला तरी येतील."

"माझ्या भाषणालाही हसू शकतात की."

"त्यासाठी आधी यावं लागतं ना, साहेब."

सोमवारी आहेरांनी गालाला फेस लावला आणि फोन हातात घेतला. कुठल्या स्पीकरला जोडू, असं फोनने विचारलं. यादीतलं पहिलं नाव म्हणजे साक्षीदार क्रमांक एक, या जुन्या सवयीने त्यांनी पहिल्याच नावावर बोट ठेवलं. न्हाणीघरात शांतता. त्यांनी आवाज वाढवला. तरी शांतता. मग त्यांनी आवाज होता तेवढा सगळा सोडला.

"नागरिकहो!" रस्त्यावरून त्यांचाच आवाज आला. "मिसळीत दही घालणं हा जामीनपात्र गुन्हा आहे. साखर घालणं अजामीनपात्र!"

ते गॅलरीत धावले. खाली घंटागाडी उभी होती आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाण्याऐवजी तिचा भोंगा आहेरांची मतं मांडत होता.

समोरच्या बिल्डिंगमधला मयूर हाफ पँटवर खाली आला. "ओ घंटागाडी! आमच्या घरी घालतात साखर. काय करणार? अटक करणार?"

"लग्नात डीजे लावणाऱ्या नवरदेवाला हळदीच्या अंगाने तुरुंगात टाका!" भोंगा म्हणाला.

कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या कलाबाई पाटी सोडून उठल्या. "पुढल्या महिन्यात माझ्या पोराचं लगीन हाय! लय बोलतो का रं? उतर खाली, दाखवते तुला!"

भोंगा उतरला नाही. तो पक्षांतराकडे वळला.

तेवढ्यात आहेर अर्ध्या फेसानिशी जिना उतरले. गाडीचा ड्रायव्हर चंदर स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"साहेब, ह्यो आवाज तुमचा?"

"वकिलाशी बोलल्याशिवाय मी काही सांगणार नाही," आहेर आरोपींच्या सवयीने म्हणाले आणि मग वकील आपणच असल्याचं त्यांना आठवलं.

"आवो, घाबरू नका. गाणं लावलं की लोकं वरूनच 'आलो, आलो' करत्यात आन् येत कोनीच नाय. तुमचं ऐकलं की भांडायला खाली पळत येत्यात. आता येतोच हाय तर बादली घेतो, म्हनत्यात. बघा, निम्मी गाडी भरली! उद्याला काय हाय?"

आहेरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "उद्या जामीन," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते रोज चंदरच्या फोनवर नवं मत पाठवू लागले. "आरोपीला जामीन मिळतो, फिर्यादीला तारीख मिळते!" म्हटलं की डावीकडची गल्ली खाली यायची. "पक्ष बदलणाऱ्याने जुन्या कार्यालयात वर्षभर चहा वाटावा!" म्हटलं की उजवीकडची. चौकात लोक म्हणू लागले, "आज घंटागाडीचं मत नाही पटलं बुवा." एका आजोबांनी तर बांधाच्या तंट्याचे कागद आणून गाडीलाच सल्ला विचारला.

"अलीकडे घंटागाडी फार बोलते," छायाताई बादली ठेवत म्हणाल्या. "आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो."

"कुठे?" आहेरांनी आशेने विचारलं.

"हं," छायाताई म्हणाल्या.

रविवारी संध्याकाळी सभागृहात खुर्च्या होत्या, हार होता आणि श्रोत्यांत फक्त मंडपवाला होता. त्याने पहिल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलाच होता. उज्वला मॅडम दारात उभ्या राहून हास्ययोगाच्या सरांशी फोनवर बोलत होत्या. तरी आहेर माइकपाशी गेले. सभागृहाच्या गच्चीवरचा भोंगा करकरला.

"नागरिकहो!"

कॉलनीत पटापट दारं उघडली. जिन्यांवर चपला वाजल्या. मयूर आला, कलाबाई आल्या, डावी गल्ली आली, उजवी गल्ली आली, बांधवाले आजोबा आले. प्रत्येकाच्या हातात बादली होती, काहींच्या हातात दोन.

"संध्याकाळची पण सुरू झाली का?" मयूरने विचारलं. "गाडी कुठंय?"

गर्दी मागे वळायला लागली. मंडपवाल्याने खुर्ची उचलली. आणि आहेरांमधला सरकारी वकील जागा झाला.

"थांबा! मुद्देमाल इकडे आणा. ओला या टेबलावर, सुका त्या टेबलावर. पंचनामा पुरा होईपर्यंत मुद्देमाल परत मिळणार नाही!"

आवाजच असा लागला होता की लोकांनी मुकाट्याने बादल्या जमा केल्या आणि नाकाला रुमाल लावून खुर्च्यांवर बसले. मंडपवाल्याला स्वतःला जागा उरली नाही. आहेर राजकारणावर बोलले, कायद्यावर बोलले. संस्कृतीपर्यंत आले तेव्हा दुसऱ्या रांगेत त्यांना छायाताई दिसल्या. अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

"पुढच्या वर्षीही तुम्हीच, साहेब," उज्वला मॅडम रुमालाआडून म्हणाल्या. "फक्त खिडक्या उघड्या ठेवू."

घरी जाताना आहेर वाटेत थांबले. "छाया, तू शेवटपर्यंत ऐकलंस."

"बादली तुमच्या टेबलावर होती ना," छायाताई म्हणाल्या. "नवी आहे ती."

आहेरांनी आधी बादलीकडे पाहिलं, मग छायाताईंच्या चष्म्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी छायाताईंना चष्मा सापडेना. त्यांनी कपाट पाहिलं, देवघर पाहिलं, फ्रिजसुद्धा पाहिला. आहेर सदऱ्याच्या खिशावर हात ठेवून चहाच्या टेबलाशी बसले होते.

"बस," ते म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला. "नागरिकहो..."