पाच सेकंदांचं मौन

माणूस गेल्याशिवाय त्याची कार्यपद्धती कळत नाही, हा शिक्षणक्षेत्रातला थोर सिद्धांत आहे. आमची ही रविवारी गेली. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी शाळेला कळलं, आणि दुपारीच हेडमास्तर घरी सांत्वनाला आले.

"मिस्त्री, फार वाईट झालं. बाईंचा तिसरीचा वर्ग सगळ्यांत हुशार. त्यांची पद्धत काय होती हो?"

"प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची."

"घरीसुद्धा?"

"घरी विचारायचीच नाही. माझी उत्तरं तिला आधीच माहीत होती."

सरांनी हे लगेच टिपून घेतलं (डोळे नंतर पुसले).

महिनाभरात शाळेत 'परिणामकारक मौन योजना' सुरू झाली. योजना अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. प्रश्न विचारून शिक्षकाने पाच सेकंद गप्प राहायचं. दारात शिपाई घड्याळ घेऊन उभा असतो. वेळ संपली की तो शिट्टी मारतो आणि शिक्षक उत्तर सांगून मोकळे होतात. मौनाच्या प्रशिक्षणात तज्ज्ञ सलग चार तास बोलले, पाणी प्यायलाही थांबले नाहीत. अहवालानुसार अठ्ठ्याण्णव टक्के शिक्षक आता यशस्वीपणे गप्प बसतात. (काही जण आधी प्रश्न विचारायला विसरतात, पण ती किरकोळ बाब.) मुलांच्या उत्तरांची नोंद अहवालात नाही. मुलं फार वेळ लावतात.

एक प्रकरण मात्र योजनेत बसेना. शेवटच्या शनिवारी हिने आपला जेवणाचा रिकामा डबा वर धरून वर्गाला विचारलं होतं, "यात काय आहे?" सगळे ओरडले, "हवा!" मागच्या बाकावरची एक मुलगी, जिला सगळे गोगलगाय म्हणतात, काहीच बोलली नाही. "घाई नाही गं, सोमवारी सांग," असं तिला सांगून ही घरी आली होती.

आता शाळा सुटली की ती मुलगी माझ्या सायकलच्या दुकानात येते. मी डबा पुढे ठेवतो. ती झाकण उघडून आत बघत बसते.

"सुचलं का?"

"नाही काका."

"बस मग."

परवा हेडमास्तर सायकलमध्ये हवा भरायला आले. "अहो मिस्त्री, हवा आहे म्हणून सांगून टाका तिला! पाच सेकंद कधीच होऊन गेले."

"सर, प्रश्न तिला विचारलाय. तुम्ही हँडल धरा."

मीही रोज त्या डब्यात बघतो. मला तरी ती नुसती हवा वाटत नाही.

उत्तर शेवटच्या ओळीत असेल म्हणून तुम्ही भराभर इथवर आला असाल, तर पुढच्या प्रशिक्षणात तुमची खुर्ची राखून ठेवली आहे. शिट्टी शाळेकडून मिळेल.

मुलीने अजून उत्तर दिलेलं नाही.