करपलं की हरपलं?

गेली सव्वीस वर्षं मी मैफिलींच्या टेपा जमवतो आहे, आणि या सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकाही टेपला साधा ओरखडा आलेला नाही! हे वाक्य मी तीन महिन्यांपूर्वीपर्यंत छाती पुढे काढून म्हणत असे. हल्ली छाती जागच्या जागी ठेवून म्हणतो, आणि तेही घरात कोणी नाही याची खात्री करून.

पोटापाण्यासाठी मी चष्मे विकतो. पण तो झाला माझा जोडधंदा. माझं खरं काम टेपा! दुकानातल्या कॅसेटी कोणीही जमवेल हो. माझ्याकडच्या सहाशे बारा टेपा प्रत्यक्ष मैफिलीत टिपलेल्या आहेत. कोणी पिशवीत रेकॉर्डर लपवून, कोणी मांडीवर शाल पांघरून, आणि एका बहाद्दराने तर धडधाकट हाताला प्लॅस्टर घालून त्यात माइक दडवून! आम्हा शौकिनांचं एक मंडळच आहे. एक टेप द्यायची, एक घ्यायची, आणि दर रविवारी दुपारी आमच्या घरी जमून ऐकायची. बायको म्हणते, "या घरात टेपा राहतात. आपण त्यांच्याकडे पाहुणे आहोत."

तर आमच्या मंडळात एका टेपचं नाव नुसतं काढलं तरी लोक खुर्चीत सरळ होऊन बसत. काळोखातली टेप! बत्तीस वर्षांपूर्वी क्लॅरिनेटवाल्या मास्तरांची मैफल रंगात आली असताना थिएटरमधली वीज गेली. माइक बंद, दिवे बंद. मास्तर मात्र थांबले नाहीत. मिट्ट काळोखात, माइकशिवाय, सलग एक्केचाळीस मिनिटं वाजवत राहिले! आणि पहिल्या रांगेत एका बाईंच्या मांडीवर बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर होता.

त्या बाई म्हणजे आमच्या हॅलोबाई. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या. दारात उभं राहून हाक मारली तरी आतून "हॅलो?" असं उत्तर देतात म्हणून हॅलोबाई. ती टेप त्यांनी आजवर कोणाला दिली नव्हती. मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागलो, त्यांचा चष्मा तीनदा घरी जाऊन दुरुस्त करून दिला, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "शनिवारी दुपारी दोन ते पाच. पाच वाजून एक मिनिट झालं तर मी स्वतः येईन."

शनिवारी दोन वाजता टेप हातात पडली. मी देवघरातली मूर्ती आणावी तशी ती दोन्ही हातांत धरून घरी आणली. दोन यंत्रं समोरासमोर मांडली. आता दोन्ही यंत्रं जोडणारी वायर लावली की झालं! वायर कुठे होती?

"अगं, माझी काळी वायर पाहिलीस?"

"ती होय?" बायको म्हणाली, "कपडे धुवायच्या मशीनची नळी सारखी निसटत होती. त्या वायरने बांधली. काय घट्ट बसली आहे म्हणता!"

सोडवायला गेलो तर बायकोने अशी गाठ मारली होती की जहाज बांधून ठेवावं. शेवटी वायर तुटली, नळी निसटली आणि माझी विजार गुडघ्यापर्यंत भिजली. वाजले अडीच!

पण मी डगमगलो नाही. पूर्वी लोक काय करत? एका यंत्रावर टेप वाजवत आणि समोर माइक धरून दुसऱ्यावर टिपत. फक्त घरात शांतता हवी. मी खिडक्यांवर ब्लँकेटं टांगली, दारावरच्या घंटीची वायर काढली, भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली दाबलं. बायकोला म्हणालो, "एक्केचाळीस मिनिटं तू स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसायचं. चालायचं नाही. सपाता वाजतात."

"आणि शिंक आली तर?"

"गिळायची!"

सगळा बंदोबस्त चोख झाला. एकच गोष्ट राहिली. सासूबाई! त्या आमच्याकडेच असतात. ही सगळी सूचनासभा चालू होती तेव्हा त्या आतल्या खोलीत झोपल्या होत्या. आता सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांनी मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं खेळ शिकवला, आणि या अठ्ठावीस वर्षांत शाळेने त्यांना शिट्टी दिली नाही. गरजच पडली नाही! त्यांनी मैदानाच्या या टोकावरून "एक-दोन!" म्हटलं की त्या टोकापलीकडच्या रस्त्यावरची माणसंही पाय जुळवून चालत.

मी बटण दाबलं. मास्तरांचं क्लॅरिनेट काळोखात असं उमललं की माझ्या अंगावर काटा आला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. बाविसाव्या मिनिटाला मास्तर एक लांबलचक तान घेऊन वर वर चढू लागले. मी डोळे मिटले. आणि बरोबर त्या क्षणी सासूबाई जाग्या झाल्या. घरात अंधार, कुठेतरी जळका वास, आणि लेक दारात खुर्चीवर पुतळ्यासारखी बसलेली! बायकोने गॅसवर दूध ठेवलं होतं. ते उतू जाऊन करपलेलं तिला दिसत होतं, पण बिचारी माझ्या हुकमाने हलत नव्हती. सासूबाईंनी छाती भरून श्वास घेतला.

"बंद करा ते आधी! करपलं सगळं!"

भिंतीवरचा आरसा झणझणला. मी तोंडावर हात दाबून बसलो. अर्ध्यात थांबायचं नाही, हा माझा नियम. टेप संपली की पुन्हा पहिल्यापासून टिपू, असं ठरवून मी मैफल पुरी होऊ दिली, मग टेप उलटी फिरवायला लावली. यंत्रातून आधी 'कुर्र' असा आवाज आला, मग 'चबक चबक' असा. झाकण उघडून पाहतो तो काय! यंत्राने फीत खाल्ली होती! नुसती खाल्ली नव्हती, चावून चोथा केला होता. बत्तीस वर्षं जपलेला ठेवा माझ्या बोटांना सुकलेल्या वेलीसारखा लोंबत होता.

मी कसाबसा तो चोथा पेन्सिलीने गुंडाळून डबीत भरला. इतक्यात दारावर थाप! हॅलोबाई? नाही, आमच्या मंडळाचे प्राण्यांचे डॉक्टर. टेपची बातमी लागल्यावर त्यांना धीर धरवला नव्हता.

"झाली प्रत? ऐकवा!"

मी "अहो, पण..." म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलंही. बाविसावं मिनिट आलं. सासूबाई कडाडल्या. मी जमीन दुभंगायची वाट पाहू लागलो. डॉक्टरांनी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली आणि त्यांचे डोळे भरून आले!

"ऐकलंत? प्रेक्षकांतल्या कुणा बाईला सहन झालं नाही हो ते सौंदर्य! काय म्हणते ती? 'बंद करा ते आधी! हरपलं सगळं!' स्वतःला हरवून बसली बिचारी! वा! याला म्हणतात जिवंत ध्वनिमुद्रण!"

आता सांगा, अशा भरल्या डोळ्यांच्या माणसाला मी दुधाचं पातेलं कसं दाखवणार? मी गप्प बसलो. इथेच माझी चूक झाली. पाच वाजता हॅलोबाईंना डबी परत दिली आणि म्हणालो, "फीत फार नाजूक झाली आहे. आता वाजवू नका, नुसती जपा." त्या माझ्याकडे चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "बरं."

आठवड्याभरात त्या प्रतीच्या प्रती निघाल्या आणि मंडळात दोन तट पडले! डॉक्टरांचा हरपलंवाला गट म्हणे, ही क्लॅरिनेटला मिळालेली सर्वांत मोठी दाद. दुसरा करपलंवाला गट म्हणे, "कसली दाद! मास्तरांचा भर मैफिलीत अपमान केला कुणीतरी! कोण ही बाई? शोधून काढा!" डॉक्टरांनी कुत्र्यांच्या छातीला लावायची नळी स्पीकरला लावून 'क' की 'ह' याचा निकाल लावायचा प्रयत्न केला. एकाने त्या काळचे थिएटरचे दरवान शोधून काढले. दरवान म्हणाले, "हो तर! आठवते ना! हिरवी साडी होती." काळोखात!

आणि ही सगळी मंडळी जमत कुठे? आमच्या घरी! जिचा शोध चालला होता ती भिंतीपलीकडे! पहिल्या रविवारी मी सासूबाईंना बायकोबरोबर खरेदीला पाठवलं. दुसऱ्या रविवारी नात्यातल्या एका आजारी बाईंना भेटायला पाठवलं. तिथे पोचल्यावर त्या बाई ठणठणीत निघाल्या आणि उलट यांनाच विचारू लागल्या, "तुम्हाला काही झालंय का?"

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी मात्र आभाळच कोसळलं. डॉक्टर आनंदाने नाचत दुकानात आले. "खुद्द मास्तर येताहेत! टेप ऐकायला! त्यांनाच विचारू, करपलं की हरपलं!"

सासूबाईंनी घराबाहेर पडायला साफ नकार दिला. "जावईबापू, एवढा मोठा माणूस घरी येणार आणि मी बाजारात फिरू? मी बसणार म्हणजे बसणार!"

"बसा, पण आई, मास्तरांना बोललेलं मुळीच चालत नाही. एक अक्षरही काढायचं नाही."

"नाही काढणार!" त्या म्हणाल्या. शेजारच्यांनी खिडकी उघडून पाहिलं.

मास्तर आले. ऐंशीच्या पुढचे, काटक, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले. हॅलोबाई कोपऱ्यात हातांची घडी घालून बसल्या. मी सर्वांना सांगितलं, "सासूबाईंचा घसा धरला आहे. बोलायची मनाई आहे." लगेच डॉक्टर उठले. "बघू, आ करा. जीभ बाहेर काढा. कान गार आहेत का?" सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले.

टेप सुरू झाली. मास्तरांनी डोळे मिटले. वीस मिनिटं, एकवीस मिनिटं... तान वर चढली.

"बंद करा ते आधी! करपलं सगळं!"

"अगंबाई!" सासूबाई खुर्चीतून उठल्याच! "हा तर माझा आवाज! जावईबापू, मला सांगितलं नाहीत तुम्ही, मी टेपवर आहे म्हणून? काय स्पष्ट आलाय!"

खोलीत अशी शांतता पसरली, की तशी त्या शनिवारी मिळाली असती तर ही गोष्टच घडली नसती.

"तुम्ही!" डॉक्टर ओरडले, "बत्तीस वर्षांपूर्वी तुम्ही होतात तिथे? आणि म्हणालात काय? करपलं की हरपलं?"

"हरपेल कशाला? दूध होतं! करपलं!"

मग मला सगळं सांगावं लागलं. वायर, दूध, चोथा झालेली फीत, सगळं! शेवटी मी हॅलोबाईंपुढे हात जोडले. "बाई, तुमची टेप मी कायमची घालवली. वाटेल ती शिक्षा करा."

हॅलोबाई म्हणाल्या, "ती प्रत होती हो. मूळ टेप माझ्या कपाटात आहे. मूळ टेप मी कुणाला देते होय?"

"प्रत?" डॉक्टर उसळले, "मग तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ही बाई मैफिलीत नव्हती म्हणून? तीन आठवडे आम्ही भांडतो आहोत, आणि तुम्ही गप्प?"

"तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्यांची भांडणं मध्ये न बोलता ऐकायची सवय आहे. शिवाय मजा येत होती."

डॉक्टर मटकन खाली बसले. मी मास्तरांकडे पाहिलं. आता हे रागावून निघून जाणार! पण मास्तर पुढे वाकून टेप मागे घेत होते. त्यांनी तो तुकडा पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, की लहान मुलाला हरवलेला भोवरा सापडावा!

"गेली!" ते म्हणाले.

"काय गेलं?"

"चूक गेली! त्या जागी काळोखात माझं बोट घसरलं होतं. दाराच्या फटीत उंदराची शेपटी सापडावी तसं किंचाळलं होतं क्लॅरिनेट. बत्तीस वर्षं तो आवाज कानांत आहे माझ्या. लोक माझ्यासमोर या मैफिलीचं कौतुक करत आणि मी मनातल्या मनात मेल्याहून मेल्यासारखा होई. आणि या बाईंनी... अहो, बरोबर तिथे! एका क्षणाचाही फरक नाही! ऐकूच येत नाही काही!" त्यांनी हॅलोबाईंकडे वळून हळूच विचारलं, "मूळ टेपमध्ये आहे ना ती?"

"आहे की. चांगली खणखणीत आहे."

"मग ती कपाटातच राहू द्या," मास्तर म्हणाले आणि उठून त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. "लयीची फार उत्तम जाण आहे हो तुम्हाला!"

सासूबाई लाजल्या. त्यांना लाजताना मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं. मग डॉक्टर हसायला लागले, करपलंवाले हसायला लागले, आणि दोन्ही गट एकमेकांच्या पाठीवर थापा मारत दिवेलागणीपर्यंत आमच्या बैठकीत गोंधळ घालत राहिले. हॅलोबाईंनी तर चक्क शिट्टी वाजवली!

झालं, प्रकरण आनंदात मिटलं असं मला वाटलं. पण गेल्या महिन्यात मास्तरांचं पाकीट आलं. आत त्यांच्या सुवाच्य अक्षरात एक यादी होती. त्यांच्या चौदा गाजलेल्या मैफिली, आणि प्रत्येकीपुढे मिनिट आणि सेकंद. खाली एकच ओळ : 'आपल्या सासूबाईंना सवड असेल तेव्हा.'

सासूबाईंना भरपूर सवड आहे. सकाळी गरम पाण्याच्या गुळण्या चालतात, दुपारी तालीम. प्रत्येक जागेसाठी त्या नवीन वाक्य तयार करतात. विलंबित असेल तर "अगं, दार कोण उघडतंय?" आणि द्रुत असेल तर नुसतंच "पडलं!" बायको लिहून घेते. डॉक्टर घड्याळ धरतात.

आणि मी? सहाशे बारा टेपांचा मालक, सव्वीस वर्षांचा जाणकार! मी बटण दाबतो. तेसुद्धा नीट जमत नाही म्हणे. कालच सासूबाई सर्वांदेखत म्हणाल्या, "जावईबापू, जरा आधी दाबत जा हो. माझा पहिला शब्द कापला जातो!"