पडद्याकडे पाठ

धुळाआबा सिनेमाला यायचे आणि पडद्याकडे पाठ करून बसायचे.

यात एक अक्षरही पदरचं नाही. इंदापुरातल्या आमच्या थेटरात, पिटातल्या पहिल्या बाकाच्या पुढे, पडद्याखाली थोडी मोकळी जागा होती. तिथे हा माणूस घोंगडी अंथरून, पब्लिककडे तोंड करून मांडी घालायचा. मागे हिरो गुंडांना लोळवतोय, हिरॉइन बर्फात नाचतेय आणि आबा आपले समोरच्या अंधाराकडे बघत तंबाखू मळताहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नसावं. मी बॅटरी मारत जवळ गेलो.

"आबा, पिक्चर तिकडं आहे."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "ते कुठं पळून चाललंय व्हय?"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी त्या थेटराचा मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे तिकिटं फाडायची, पंखे लावायचे आणि रीळ तुटलं की सगळ्या गावाच्या शिव्या खायच्या. घरोघरी केबल आली होती, त्यामुळे बायकामाणसं थेटराकडे फिरकत नव्हती. पण खरं सांगायचं तर त्यांना केबलनं तेवढं पळवलं नव्हतं जेवढं आमच्या पब्लिकनं.

काय त्या पब्लिकचं वर्णन करावं! कारखान्याचा हंगाम सुरू झाला की माणसं ट्रकमधून ओढलेला ऊस घेऊनच आत यायची. पिक्चरभर कडाकडा ऊस मोडायचा आणि चिपाडं पुढच्याच्या टोपीवर. दुसरी जात आदल्या दिवशी पिक्चर बघून आलेल्यांची. "आता बघ, ह्यो मरतोय," असं मोठ्यानं सांगायचं आणि तो मेला की बघा मी म्हटलंच होतं म्हणून टाळी मागायची. शिट्ट्यांचं तर विचारूच नका. मी मधे उभा राहून "शांतता राखा" म्हणून ओरडायचो. मग ते मलाही शिट्ट्या मारायचे.

"म्यानेजर," एके दिवशी आबा मला म्हणाले, "कळपावर वरडून काय हुतंय? उगं घसा बसतुया. म्होरक्या धरायचा."

आबांचा जन्म मेंढरांमागे गेला होता. मूळचे ते कऱ्हाटीकडचे. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. आता मुलानं इंदापूरच्या कडेला दोन खोल्या बांधून दिल्या होत्या आणि मेंढरं विकून झाली होती. पण मेंढरं विकली म्हणून हातातली कला जाते थोडीच! पडद्याचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडायचा, त्यामुळे शिट्टी कोण मारतो, चिपाड कोण फेकतो, ते आबांना स्वच्छ दिसायचं. मग ते उठायचे, बाकांमधून वाट काढायचे आणि नेमक्या त्याच गड्याच्या शेजारी जाऊन बसायचे. रागवायचे नाहीत. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचे आणि पिक्चर ऐन रंगात आला असताना सावकाश विचारायचे,

"पाव्हणं, गाव कंचं?"

"बावडा," तो गडी पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा.

"बावड्यात कुणाचं?"

तो नाव सांगायचा आणि आबांचा चेहरा खुलायचा. "म्हंजी तू मळ्यातल्या रामातात्याचा नातू! आरं, तुजी आजी माज्या चुलतभणीची जाऊ की! गुडघं दुखायचं थांबलं का तिचं?"

संपला विषय. ज्याच्या आजीचे गुडघे आबांना ठाऊक, तो शिट्टी मारणार कुठल्या तोंडानं? तो गडी निमूट बसायचा, आणि तो बसला की त्याच्या भोवतीची दहा जणंही बसायची. एकदा एक सोलापूरकडचा ट्रक ड्रायव्हर आला. काही केल्या त्याचं नातं निघेना. त्याची आई झाली, मामा झाला, मामाची सासुरवाडी झाली, आबांनी सगळी उलटीपालटी केली. नातं निघालं नाही ते नाहीच, पण उत्तरं देता देता त्या बिचाऱ्याचा अख्खा पिक्चर शांततेत पार पडला. बाहेर पडताना तो मला म्हणाला, "साहेब, पिक्चरची ष्टोरी काय होती?"

रडणाऱ्या पोरांवरही आबांचा इलाज होता. ते पोर आईकडून घ्यायचे, खांद्यावर टाकायचे आणि दाराशी उभे राहून तोंडानं एक बारीक ट्रर्र ट्रर्र आवाज काढायचे. कोकराला बोलावतात तसा. पोर टकामका बघत गप्प व्हायचं. हळूहळू बायका परत यायला लागल्या. बायकांची बाजू रविवारी भरायला लागली, आणि मला इतका आनंद झाला की मी बाथरूमच्या दाराला नवीन कडी बसवून घेतली.

आणि मग मालकांचे जावई आले.

बारामतीचे जावई, पहिला दिवाळसण. गावात थेटर असलेल्या सासऱ्याकडे आलेला जावई काय करणार? दुपारच्या शोला बायको आणि मित्रमंडळी घेऊन बाल्कनीत बसला. पाय पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, तोंडात पान, आणि पिक्चर आधीच बारामतीत बघून आल्यामुळे गोष्ट सांगणं चालू. "हाच खुनी आहे. लिहून ठेवा." मित्र हसताहेत, खाली पिटातली माणसं माना वळवताहेत, पण मालकांच्या जावयाला बोलणार कोण? मी तर खांबाआड उभा राहून पंख्याची बटणं पुसत होतो.

पाहतो तो आबा बाल्कनीच्या जिन्याकडे निघालेले! मी धावलो. मी वर पोचेपर्यंत आबा जावयाच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलेसुद्धा होते.

"पाव्हणं, गाव कंचं?"

"बारामती. तू कोण रे?"

"बारामतीत कुणाचं?"

"या थेटराच्या मालकाचा जावई आहे मी!"

"जावाय!" आबांना कोण आनंद झाला. "मंग तर घरचंच माणूस! पाय खाली घ्या, जावायबापू. सासऱ्याची खुर्ची हाय ती. आन् गोष्ट सांगू नगा. तुमची मालकीण कवापास्नं पदरानं डोळं पुसतीया, तिला रडू द्या की निवांत."

मित्र खो खो हसले, या खेपेला जावयाला. जावई ताडकन उठला आणि घरी गेला. दिवाळसणाला जावई रुसला म्हणजे काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. मालकांनी अंगठीचा वायदा केला तरी तो जेवेना. संध्याकाळी मालकांनी मला बोलावलं. "त्या धनगराला उद्यापासनं आत घ्यायचं नाही. घेतलास तर तू पण घरी बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांकडे गेलो. ते अंगणात बसले होते. मागे मेंढरांच्या जागेत गवत माजलं होतं. मी खाली मान घालून मालकांचा निरोप सांगितला. मला वाटलं, म्हातारा चिडेल, निदान एक शिवी तरी देईल. आबा नुसतं "बरं" म्हणाले. मग म्हणाले,

"म्यानेजर, बाहीर पायरीवर बसलो तर चालंल? दार जरा किलकिलं ठेवा म्हंजी झालं."

"बाहेरनं काय दिसणार, आबा?"

"दिसाया कशाला पायजे? आवाज यील की."

"पिक्चरचा?"

"पिक्चरचा न्हवं वो. माणसांचा." ते तंबाखूची डबी उगाच उघडत आणि मिटत राहिले. "मेंढरं गेली. वरसाच्या आत म्हातारी गेली. पोरगं पुण्याला. उभा जलम कळपाकडं तोंड करून बसलो, म्यानेजर. आता ह्या घरात कुणाकडं तोंड करून बसू?"

मी तसाच उठून आलो.

दुपारी आबा खरंच बाजूच्या दाराच्या पायरीवर येऊन बसले. मी दार किलकिलं ठेवलं. तिकीट मागायचं मला सुचलंही नाही. शोची वेळ झाली आणि मालकांची मुलगी आली. सोबत गल्लीतल्या आठ-दहा बायका, आणि त्यांच्या मागे तोंड फुगवलेला जावई. कालचा पिक्चर तिला पुन्हा पहिल्यापासून बघायचा होता. तिनं आत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "ते पुढं बसणारे आजोबा कुठायत?"

मी पायरीकडे बोट दाखवलं. काय झालं ते सगळं सांगितलं.

"ते नसतील तर आम्ही कुणी बसत नाही," ती म्हणाली. "वडलांना मी सांगते काय ते." आणि स्वतः जाऊन आबांना हाताला धरून उठवलं. जावई काहीतरी बोलणार होता, पण बायकोनं एकदा वळून पाहिलं आणि त्यानं आबांची घोंगडी उचलली.

आबा आत आले तेव्हा पिटातली माणसं उभी राहिली. आबा लाजले. घोंगडी अंथरून पडद्याकडे पाठ करून बसले, पण दिवे घालवायला माझा हात वर गेला तेव्हा त्यांनी बोटानं थांब म्हटलं. एकेका बाकावरून त्यांची नजर फिरली. बायकांची बाजू, दाराजवळचे उसवाले, मग वर बाल्कनी. तिथे जावई पाय खाली घेऊन बायकोच्या शेजारी बसत होता.

"लावा आता, म्यानेजर," आबा म्हणाले. "समदी आली."