कांजण्यांची चौकशी

आमच्या दूध संघातल्या यशवंतराव वायरमनना माणसापेक्षा त्याच्या जुन्या आजारपणात जास्त रस. नवा माणूस भेटला की गाव-आडनावाच्या आधी प्रश्न, "कांजण्या झाल्या हुत्या का?" हो म्हटलं की खूश. "लई भारी. आन् गोवर?"

माझ्या पुतणीला पाहायला संगमनेरची मंडळी देवळालीला आली, तेव्हा हे आमच्याकडे फ्यूज बदलत होते. शिडीवरूनच त्यांनी मुलाला गालफुगीचं विचारलं. सगळे पोहे खायचे थांबले. स्थळ टिकलं, पण मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. मी फार मानी माणूस आहे, निदान वायरमनच्या बाबतीत.

संघाच्या रक्तदान शिबिरात ते दारात उभे राहून प्रत्येकाला बिस्किटपुडा देत, हात जोडत. स्वतः रक्त देत नसत. मीही देत नसे. सुईची मला भीती वाटते, म्हणून मी दरवर्षी नोंदणीच्या टेबलावर बसून इतरांना धीर देतो. यंदा तिथूनच मी चारचौघांत म्हणालो, "यशवंतराव, बिस्किटं पुरे. एकदा रक्त द्या की."

त्यांनी मला बाजूला नेलं.

"भाऊसाहेब, माझं चालत न्हाई. रक्तातल्या काही पेशींवर बेल असती. ती वाजली की पेशी कामाला लागती, रोगाशी लढायचं सामान तयार करती. माझ्यात बेल हाय, पर आतली वायर जन्मापासून तुटकी. आईच्या माहेरकडनं आलंय. म्हनून ते सामान दर महिन्याला पुण्याला जाऊन सलाईनमधून घेतो. हजारो लोकांच्या रक्तातून काढत्यात. ज्याला गोवर झाला, त्याच्या रक्ताला गोवराशी लढायचं म्हाईत असतं."

"आणि ते मिळालं नाही तर?"

"माझ्या दोन मामांच्या येळेला न्हवतं. दोघं बी साळंत जायच्या आधीच गेले."

मला स्वतःची लाज वाटली. त्या लाजेपोटीच मी खाटेवर आडवा झालो आणि डोळे गच्च मिटले. कुणीतरी माझा हात धरला.

"कांजण्या?" यशवंतरावांनी हळूच विचारलं.

"झाल्या. गोवर, गालफुगी, डांग्या खोकला, सगळं झालंय." माझं कर्तृत्व इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"मला मामाचं घर न्हाई, भाऊसाहेब," ते म्हणाले. "दर साली हितं आलो की मामाकडं आल्यावानी वाटतं."

उठल्यावर त्यांनी माझ्या हातात बिस्किटांचे दोन पुडे ठेवले. नियम एकाचाच आहे.